खंडेनवमीचा जॉब

बिरनाळे अण्णांचा आवाज हरवला तेव्हा ते स्वतः आमच्या ऑफिसात माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती धुतलेला पांढरा रुमाल, मांडीवर शाळकरी पाटी, सदऱ्याच्या खिशात पेन्सिल. शेजारी त्यांच्या पत्नी कुसुमअक्का. त्यांच्या पिशवीत घरच्या गुऱ्हाळाची गुळाची ढेप होती आणि ती नेमकी कोणाच्या हातात द्यावी याचा त्या आल्यापासून अंदाज घेत होत्या.

“उघडलं काय गं?” अक्कांनी विचारलं.

“उघडतंय,” मी म्हणाले.

उघडलं तर होतंच. पडद्यावर अण्णांचं नाव होतं, गाव होतं, ऑपरेशनची तारीखही होती. त्याखाली त्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग असायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं. मी दुसऱ्या पेशंटचं नाव उघडलं, मग तिसऱ्याचं. नावं होती, आवाज नव्हते. मी हसतमुखाने अण्णांना म्हटलं, “एक मिनिट हं,” आणि इरफानकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर तो चहात बिस्किट बुडवत होता. माझा चेहरा पाहून ते बिस्किट कपातच राहिलं.

आमचं ऑफिस सांगलीत, एका औषधाच्या दुकानावर. माणसं तीन. मालकीण दमयंती भोकरे, म्हणजे आमच्या भोकरे मॅडम. इरफान पटवेगार, सर्व्हरचं सगळं बघणारा. आणि मी, नूतन कोरे, उरलेलं सगळं बघणारी. मिरजेच्या एका ट्रस्टसाठी आम्ही आवाजपेढी चालवत होतो. घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांनी ऑपरेशनआधी येऊन आपल्या आवाजात वाक्यं वाचून ठेवायची. त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज शिकतो. पुढे माणसाने फोनवर टाइप करायचं आणि फोनने त्याच्याच आवाजात बोलायचं.

अण्णा म्हणजे जयपाल बिरनाळे, कुस्तीच्या मैदानांचे निवेदक. कृष्णाकाठच्या गावांत जत्रेचं मैदान त्यांच्याशिवाय भरत नसे. पैलवान सलामीला उभे राहिले की त्यांच्या आज्यापणज्यापर्यंतचा आखाडा अण्णा तोंडपाठ सांगायचे. लोक गप्प बसले की भोंग्यातून ओरडायचे, “टाळ्या वाजवा की मंडळी, हात काय उसने आणलेत काय?” आणि त्यांची एक रीत होती. कुस्ती निकाली झाली की आधी पडलेल्या पैलवानाचं नाव घ्यायचे, मग जिंकलेल्याचं. मी एकदा कारण विचारलं होतं.

“जिंकलेल्याचं नाव सगळं मैदान घेतंयच की,” ते म्हणाले होते. “पडलेल्याचं कोण घेणार?”

त्यांची रेकॉर्डिंग मीच केली होती. आम्ही वाचायला दिलेली वाक्यं अगदी घरगुती असायची. ‘आज दूध उशिरा आलं.’ ‘भाजीत मीठ कमी आहे.’ अण्णा ती अशी वाचायचे, जणू दूध आणि भाजी आता एकमेकांना भिडणार आहेत. मी म्हणायची, “अण्णा, हळू. जेवायला बसलाय तुम्ही.” ते मान डोलवायचे आणि पुढचं वाक्य त्याहून जोरात वाचायचे. सगळ्यात शेवटी एक पान त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं होतं. त्यात नातीचं नाव होतं. थोरल्या लेकीची लेक राजमती, घरात राजी, यंदा गावच्या जत्रेत पहिल्यांदा मातीत उतरणार होती. तिला मैदानात पुकारणार मीच, असा शब्द त्यांनी तिला ती पहिले डाव शिकत होती तेव्हाच दिला होता. घशाचं दुखणं मध्येच उपटलं. पण यंत्र आहे म्हटल्यावर त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, गळा भरून आला. आता जत्रा परवावर आली होती आणि अण्णा आपला आवाज घरी न्यायला आले होते.

इरफान माझ्या पडद्यावर वाकला, मग स्वतःच्या टेबलाकडे धावला. त्याची बोटं पटापट चालली आणि मग एकदम थांबली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “नूतन, व्हॉल्यूम नवा आहे. कोरा.”

हे जरा समजावून सांगायला हवं. आमचे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालायचे. कंटेनर म्हणजे एक डबा, त्यात प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान. असे पुष्कळ डबे मिळून चालवणाऱ्या यंत्रांचा गट म्हणजे क्लस्टर. एक डबा पडला तर क्लस्टर लगेच तसाच दुसरा उभा करतो, म्हणून डब्यात काही साठवायचं नसतं. जे जपायचं ते वेगळ्या जागेत ठेवायचं. ती जागा म्हणजे व्हॉल्यूम. अण्णांचा आवाज व्हॉल्यूममध्ये होता.

आदल्याच दिवशी इरफानने सगळा पसारा जुन्या क्लस्टरवरून नव्यावर हलवला होता. रीत सरळ होती. बॅकअप घ्यायचा, नव्या ठिकाणी तो रिस्टोअर करायचा, सगळं उभं राहिलं की जुनं मोडायचं. बॅकअपवर हिरवी खूण होती. रिस्टोअरवर हिरवी खूण होती. प्रोग्रॅम उभे राहिले, नावं आली, आणि इरफानने जुनं क्लस्टर मोडून टाकलं.

पण दिवाळीनंतर त्यानेच आणलेलं ते बॅकअपचं साधन व्हॉल्यूमच्या पोटातलं आपोआप उचलत नव्हतं. ज्या व्हॉल्यूमवर खूण बांधली असेल त्यातलंच उचलायचं. बाकीच्यांचं नुसतं वर्णन लिहून घ्यायचं, केवढा होता आणि कुठे जोडलेला होता. इरफानने सगळ्यांवर खुणा बांधल्या होत्या. मग हिवाळ्यात आवाजपेढीचा व्हॉल्यूम भरत आला. अण्णांनीच बोलून बोलून निम्मा भरला होता. इरफानने मोठा व्हॉल्यूम केला, सगळे आवाज त्यात नेले, लहान काढून टाकला. खूण लहानावरच राहिली आणि त्याच्याबरोबर गेली. तेव्हापासून रोज मोठ्या व्हॉल्यूमचं नुसतं वर्णन जपलं जात होतं, आणि रोज हिरवी खूण येत होती.

“काय झालंय?” अक्कांनी विचारलं. गुळाच्या पिशवीची गाठ सोडता सोडता त्या थांबल्या होत्या.

इरफान खोटं बोलणारा मुलगा नव्हता. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि जमेल तसं त्याने सांगितलं. अक्का ऐकत राहिल्या.

“म्हंजे कपाट आलं आन् कापडं तिथंच ऱ्हायली?”

“हो.”

“मग तिथनं आणा की.”

“तिथलं घरच पाडलंय, अक्का,” इरफान म्हणाला. “काल. मीच पाडलं.”

अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे धरली. ‘परत वाचून देऊ काय?’

आणि ते हसले. तोंड उघडं, खांदे हलत होते, आवाज नाही. त्यांनी रुमालाच्या टोकाने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. या वेळी पाटी अक्कांकडे धरली. ‘राजीला आत्ताच सांगू नको.’

इरफान बाहेर जिन्यात गेला. मी मॅडमना फोन केला. त्या मिरजेला ट्रस्टच्या मीटिंगमध्ये होत्या. “निघते,” एवढंच म्हणाल्या. मग मी जिन्यात गेले तर इरफान पायरीवर बसून रडत होता.

“मी सोडतो हे काम,” तो म्हणाला. “दुसरं काहीतरी करतो. मामाचं फरसाणाचं दुकान आहे.”

“मॅडमना येऊ तर दे.”

“त्या काय करणार? नूतन, त्यांच्या गळ्यात आता ते यंत्रच नाही गं. देवानं दिलेलं डॉक्टरांनी काढलं आणि उरलेलं मी घालवलं.”

माझ्यामागून अण्णा आले. ते त्याच पायरीवर त्याला खेटून बसले. पाटीवर लिहिलं, ‘जेवलास?’

इरफानने मान हलवून नाही म्हटलं. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पैलवानाला मारतात तशी, दणकून. मग दोघं तिथेच बसून राहिले. मी आत येऊन अक्कांना चहा करून दिला. मला तेवढंच सुचलं.

भोकरे मॅडम हेल्मेट हातात घेऊनच आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, स्कूटर चालवताना पदर कमरेला खोचलेला. जीभ तिखट. एरवी फाइलला चुकीचं नाव दिलं तरी आमची सालटी काढायच्या. मी आणि इरफान भिंतीला टेकून उभे राहिलो.

“जुने बॅकअप?” त्यांनी विचारलं.

“महिना झाला की आपोआप पुसले जातात,” इरफान म्हणाला. “गेल्या महिनाभराच्या सगळ्यांत नुसतं वर्णन आहे. बघितले मी.”

“जुन्या क्लस्टरची डिस्क?”

“क्लस्टरबरोबरच गेली. कंपनीला फोन केला. परत मिळत नाही म्हणाले.”

“बरं.” मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी अण्णांना नमस्कार केला, अक्कांना केला, आणि तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “आणि खंडेनवमीचा जॉब?”

मी कोपऱ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्याच्या फळीखाली आमचा जुना सर्व्हर होता, ज्याला आम्ही म्हातारा म्हणायचो. त्याच्यावर झेंडूची माळ वाळून काळपट पडली होती. आणि मला सगळं आठवलं.

मॅडमच्या वडिलांचा माधवनगरला लेथचा कारखाना होता. खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून तिला हळदकुंकू, माळ, नारळ सगळीकडेच होतं. त्यांच्याकडे आणखी एक होतं. पूजा झाली की त्या मशीनवर एक जॉब, म्हणजे एखादा सुटा भाग, काढायचा आणि मापात उतरतो का बघायचा. उतरला तरच पेढे. तो जॉब विकायचा नाही आणि भंगारातही घालायचा नाही. पुढच्या खंडेनवमीपर्यंत तो देवापुढे राहायचा. मॅडमनी लेथ विकला, पण रीत ऑफिसात आणली. आमच्याकडे लेथ कुठला? म्हणून आम्ही बॅकअप काढायचो. एखादी सेवा निवडायची, तिचा बॅकअप म्हाताऱ्यावर रिस्टोअर करायचा आणि त्यातलं काहीतरी उघडून दाखवायचं.

“बॅकअप आहे म्हणून मला सांगू नका,” त्या म्हणायच्या. “उघडून दाखवा.”

आम्हाला त्याचा मनस्वी कंटाळा. सणाचा दिवस, नवे कपडे, टेबलावर जिलबीचा पुडा, आणि आम्ही म्हाताऱ्यापुढे हात बांधून उभे. “मॅडम, जिलबी गार व्हायलीय,” इरफान दर वर्षी म्हणायचा. दर वर्षी ती गारच खायला लागायची.

गेल्या खंडेनवमीला अण्णा ऑफिसात होते. शेवटची रेकॉर्डिंग सकाळीच संपवली होती, दसरा झाला की ऑपरेशन. मॅडम म्हणाल्या, “अण्णा, यंदाचा जॉब तुमचाच काढू.” तेव्हा बॅकअपची पद्धत जुनी होती, अख्ख्या व्हॉल्यूमची नक्कल घेणारी. इरफानने आवाजपेढी म्हाताऱ्यावर उभी केली, मी एक रेकॉर्डिंग लावली. अण्णा स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

“मी एवढा ओरडतोय होय?”

“मग घरात काय कुजबुजताय?” अक्का म्हणाल्या होत्या.

आम्ही खूप हसलो होतो आणि जिलबी खाल्ली होती.

हे सगळं आठवून मी आनंदाने इरफानचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला.

“मॅडम,” इरफान म्हणाला, “तो जॉब मी काढून टाकला.”

“कधी?”

“दिवाळीच्या साफसफाईत. म्हाताऱ्यावरची जागा अडकून पडली होती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

अक्कांना शब्द कळत नव्हते, पण सुरावरून त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी मॅडमकडे पाहण्याचं टाळलं. आता मात्र बॉम्ब फुटणार असं मला वाटत होतं.

“नेमकं काय काढलंस?” मॅडमनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. “आठवून सांग.”

“आवाजपेढीचा प्रोग्रॅम काढला. आणि त्याचा क्लेम काढला.”

“आणि व्हॉल्यूम?”

“क्लेम काढला की व्हॉल्यूम आपोआप जातोच ना.”

क्लेम म्हणजे जागेवरचा हक्क. प्रोग्रॅम व्हॉल्यूमला थेट हात लावत नाही. त्याच्या नावाने आधी क्लेम करावा लागतो आणि मग त्याला व्हॉल्यूम जोडून मिळतो. क्लेम काढला की बहुतेक ठिकाणी व्हॉल्यूमही पुसला जातो. पण तुझा मालक गेला तरी तू राहायचं, असं व्हॉल्यूमला आधीच बजावून ठेवता येतं.

“तुझ्या क्लस्टरवर जातो,” मॅडम म्हणाल्या. “म्हाताऱ्यावर मी जाऊ देत नाही. माझ्या वडलांनी पूजेचा जॉब कधी भंगारात टाकू दिला नाही, मी देईन होय? म्हातारा ऑफिसात आला त्या दिवशीच मी ते लिहून ठेवलंय. नूतन, चालू कर त्याला.”

मी माळ बाजूला केली आणि बटण दाबलं. म्हातारा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. त्याच्या पंख्यातून धूळ उडाली आणि मॅडमना शिंका आल्या. अण्णा उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. मी व्हॉल्यूमची यादी मागितली. एकच ओळ आली.

व्हॉल्यूम होता. अवस्था, मोकळा. क्लेम गेलेला, पुसलेला नाही.

“आहे!” मी किंचाळले.

“आहे म्हणजे व्हॉल्यूम आहे,” मॅडम म्हणाल्या. “आत काय आहे ते अजून बघितलेलं नाही. इरफान, बस इथं.”

“मी नको, मॅडम.”

“का?”

“माझे हात कापायलेत.”

“मग हळू टाइप कर. पण आधी नक्कल घे. मूळ वस्तूला नक्कल घेतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.”

इरफान बसला. त्याने डिस्कवरच्या त्या सगळ्या जागेची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. ती चालू असताना अक्कांनी गुळाची ढेप काढून मॅडमच्या टेबलावर कागद पसरून फोडली आणि सगळ्यांच्या हातावर एकेक खडा ठेवला. इरफानने खाल्ला. सकाळपासून त्याच्या पोटात गेलेलं तेवढंच.

मग त्याने नवा क्लेम केला. जोडला जाईना. मोकळ्या व्हॉल्यूमवर जुन्या क्लेमचं नाव तसंच लिहिलेलं होतं, आणि ते असेपर्यंत तो दुसऱ्या कोणाला आत घेत नाही. भाडेकरू सोडून गेला तरी दारावर त्याचीच पाटी असावी, तसं. इरफानने ते नाव पुसलं, नव्या क्लेमवर या व्हॉल्यूमचं नाव घातलं आणि एंटर दाबलं. आम्ही चौघं त्याच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत होतो.

जोडला गेला.

आत फाइली होत्या. एकीखाली एक अशा पडद्यावरून वर सरकत गेल्या. इतर पेशंटांच्या मागोमाग अण्णांच्या आल्या, प्रत्येकीवर त्यांचं नाव, मीच दिलेलं.

“यादी बघून पेढा मिळत नाही आमच्याकडं,” मॅडम म्हणाल्या. “वाजव.”

इरफानने अण्णांची हाताला लागली ती फाइल लावली. म्हाताऱ्याच्या जुन्या स्पीकरमधून खरखर आली, आणि मग अख्ख्या ऑफिसात, बहुधा खाली औषधाच्या दुकानातही, आवाज घुमला.

“भाजीत मीठ कमी आहे!”

कुसुमअक्कांनी हंबरडाच फोडला. “कमी नव्हतं ओ,” त्या रडता रडता म्हणत होत्या, “कवाच कमी नव्हतं मीठ.” आणि मग त्याच हसायला लागल्या. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. अण्णांनी पाटी तोंडापुढे धरली होती. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

इरफान उठून मॅडमच्या पायाला हात लावायला वाकला तर त्यांनी त्याचा कान धरला. “पाया काय पडतोस? नव्या क्लस्टरवर ने हे सगळं. व्हॉल्यूमला खूण बांध. बॅकअप घे. आणि तो बॅकअप परत उघडून मला वाजवून दाखव. मग घरी जा.”

त्याने तसंच केलं. मॅडमनी तिथे बसून पुन्हा एकदा मिठाचं वाक्य ऐकलं आणि मगच हेल्मेट उचललं. खंडेनवमीनंतर आवाजपेढीत आलेले दोघे त्या जॉबमध्ये नव्हते. सुदैवाने त्यांची ऑपरेशनं व्हायची होती. दोघांनी सगळी वाक्यं पुन्हा वाचून दिली, त्यातल्या एका तलाठ्याने बरीच कुरकुर करून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी नंतर मोठमोठ्या कंपन्यांत काम केलं. तिथे चुका झाल्यावर कोणाची चूक ते शोधायला माणसं कशी धावतात ते पाहिलं, आणि दर वेळी मला मॅडमचं ते ‘आठवून सांग’ आठवलं. त्या दिवशी त्या इरफानला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, आणि नंतरही त्यांनी कधी टोमणा मारला नाही. त्यांचे उपकार एकट्या अण्णांवर नव्हते. मी काम कसं करायचं ते त्या एका दुपारी शिकले. हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी माझाही कान धरला असता. आता त्या थकल्यात, कामावर येत नाहीत. ऑफिस इरफान चालवतो. खंडेनवमीला मी जमेल तेव्हा जाते. आता तिथली पोरं जिलबी गार व्हायलीय म्हणून कुरकुरतात आणि इरफान ऐकत नाही.

पण मला सांगायचंय ते जत्रेचं.

आवाज पुन्हा शिकायला यंत्राला रात्र लागली. शनिवारी इरफान स्वतः अण्णांच्या घरी जाऊन फोनमध्ये सगळं घालून आला, आणि रविवारी दुपारी आम्ही तिघं मैदानात होतो. चारी बाजूंनी माणसं, मध्ये लाल माती, हलगीचा कडकडाट. आम्हाला पाहुणे म्हणून पुढे सतरंजीवर बसवलं होतं. मैदानात बायका थोड्याच होत्या आणि इंजिनियर तर आम्हीच.

अण्णा चौथऱ्यावर फेटा बांधून उभे होते. हातात फोन, कमिटीच्या सेक्रेटरीने माइक फोनच्या तोंडाशी धरलेला. लोकांना माहीत होतं की अण्णांचा आवाज गेला. त्यामुळे ते उभे राहिल्यावर मैदान आपोआप शांत झालं. अण्णांनी अंगठ्याने काहीतरी दाबलं. भोंग्यातून आवाज आला.

“टाळ्या वाजवा की मंडळी, हात काय उसने आणलेत काय?”

मग जे झालं ते मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही. माणसं उठून उभी राहिली, टोप्या उडाल्या, हलगीवाला वाजवायचंच विसरला. इरफान दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. मॅडम समोर मातीकडे बघत होत्या आणि पदराने चष्मा पुसत होत्या.

राजमतीला पुकारलं ते अण्णांनीच. नाव, गाव, वस्ताद, आजोळ, सगळं साग्रसंगीत. पंधरा वर्षांची सडपातळ पोर चौथऱ्याकडे बघून छातीवर हात ठेवून आली, माती कपाळाला लावली. समोर शिराळ्याची मुलगी होती, हाडाने मोठी. राजीने खाली वाकून तिच्या पायांचा पट चांगला धरला होता, पण तो सुटला आणि ती खाली आली. पाठ टेकली. अण्णांचा अंगठा फोनवर चालत होता. लोक वाट बघत थांबले.

“राजमती चौगुले,” अण्णांचा आवाज म्हणाला. “पट झकास धरलावता, पोरी. ऊठ.” मग शिराळ्याच्या मुलीचं नाव झालं आणि हलगी कडाडली. राजी उठली. ती रडत होती आणि आजोबांकडे बघून हसतही होती. आपलं नाव त्याच आवाजात आधी ऐकायला मिळालं, यासाठी ती हरायलाही तयार असावी असं मला वाटलं.

मैदान संपत आलं तेव्हा अण्णांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. बराच वेळ ते टाइप करत राहिले. सेक्रेटरी फेट्याचे दोन तागे घेऊन मातीत उभा होता.

“मंडळी,” आवाज आला, “वस्तादांना फेटा बांधल्याबिगर आपलं मैदान उठत न्हाई. यंदा दोन वस्ताद सांगलीहून आल्यात. त्यांनी मला उभं केलं म्हणून मी तुमच्याशी बोलतोय. इरफान पटवेगार. आणि दमयंती भोकरे. मातीत यावं.”

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना दोन नावांपलीकडे काही माहीत नव्हतं. इरफानला माहीत होतं. तो उठेना.

“नूतन,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “माझं नाव आधी घेतलं गं त्यांनी.”

मॅडम तोवर चपला काढून उभ्या राहिल्या होत्या, पदर कमरेला खोचत. त्यांनी वाकून इरफानच्या दंडाला धरलं.

“चल,” त्या म्हणाल्या. “तू पुढं हो.”